सेव्ह होत नाहीये? आधी कुलूप कोणतं ते ओळखा

ट्रेनिंग झाल्यावर महिनाभरात दुकानदारांकडून मला हमखास एक फोन येतो. वाक्यही ठरलेलं असतं: "सर, एरर येतोय, एडिट होत नाहीये." मी विचारतो, स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय? पलीकडून उत्तर येतं, "लाल काहीतरी आलं होतं, बंद केलं मी ते." आता डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय" एवढंच सांगितलं, तर तो तरी काय करणार?

आजचा विषय हाच आहे. व्यवसायाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद उघडते, दिसते, पण बदलता येत नाही. असं का होतं आणि आपण काय करायचं? उदाहरणासाठी ईआरपीनेक्स्ट घेतोय. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, आमच्या पाइप-फिटिंगच्या दुकानात आम्ही तेच वापरतो, आणि त्याचे मेसेज बऱ्यापैकी स्पष्ट असतात. टॅली, एक्सेल वाल्यांसाठीही मध्ये मध्ये सांगतो.

आधी एक सवय मोडूया. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "दादा, सेव्ह होत नाहीये." समोर गिऱ्हाईक उभं. मालक काय करतो? स्वतःचा लॉगिन टाकून देतो. त्याने नाही झालं तर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सांगतो. आठ दिवसांत तो पासवर्ड गोडाऊनपर्यंत पोचलेला असतो. गंमत अशी की सॉफ्टवेअरमध्ये मोटामोटी चार प्रकारची कुलपं असतात, आणि ॲडमिनचा पासवर्ड त्यातलं एकच उघडतो. उरलेल्या तिन्हींसमोर ॲडमिनिस्ट्रेटरही तुमच्या-आमच्यासारखाच दाराबाहेर उभा राहतो. म्हणजे पासवर्डही गेला आणि कामही झालं नाही.

ही चार कुलपं अशी. एक, त्याच कागदावर दुसरं कोणीतरी काम करतंय किंवा नुकतंच करून गेलंय. दोन, कागद पक्का झालाय, म्हणजे सबमिट झालाय. तीन, तुम्हाला अधिकार नाही. चार, त्या तारखेचे हिशेब बंद केलेत.

कुलूप ओळखायची चाचणी दोन मिनिटांची आहे. तुम्हाला जो कागद बदलता येत नाहीये, तो बाजूला ठेवा आणि त्याच प्रकारचा दुसरा, आजच्या तारखेचा, ड्राफ्टमधला कागद उघडा. तो बदलतोय? मग तुमचा अधिकार ठीक आहे, भानगड त्या विशिष्ट कागदाची किंवा त्याच्या तारखेची आहे. दुसराही बदलत नाही? मग अधिकाराकडे बघा. आता उलट करा: तोच अडलेला कागद दुसऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या लॉगिनमधून उघडायला सांगा. त्याला जमतंय आणि तुम्हाला नाही, म्हणजे अधिकार. कोणालाच जमत नाही, म्हणजे कागद पक्का झालाय किंवा तारीख बंद आहे. आणि रिफ्रेश केल्यावर अचानक जमायला लागलं, तर ते पहिलं कुलूप होतं. एवढं केल्याशिवाय कोणाला फोन करू नका, मलाही नाही.

दोघांचा हात एकाच कागदावर

ईआरपीनेक्स्टमध्ये मेसेज येतो: "डॉक्युमेंट हॅज बीन मॉडिफाइड आफ्टर यू हॅव ओपन्ड इट." पुढे कंसात दोन वेळा छापलेल्या असतात आणि शेवटी रिफ्रेश करायला सांगितलेलं असतं. त्या दोन वेळांकडे कोणी बघत नाही, पण सगळी गोष्ट तिथेच आहे. एक वेळ म्हणजे डेटाबेसमध्ये तो कागद शेवटचा कधी बदलला ती, दुसरी म्हणजे तुम्ही उघडलात तेव्हा तुमच्या स्क्रीनवर कोणती वेळ होती ती. दोन्ही जुळल्या नाहीत की सॉफ्टवेअर सेव्ह करायला नकार देतं.

हे असं का ते समजून घ्या, म्हणजे राग येणार नाही. नोंद सांभाळायच्या दोन पद्धती आहेत. पहिली पद्धत वहीची. वही एकच, ज्याच्या हातात आहे तो लिहील, बाकीच्यांनी थांबायचं. मोठ्या कंपन्यांमधलं सॅप असं चालतं. एखाद्याने खरेदी ऑर्डर बदलायला उघडली की ती त्याच्या नावावर कुलूपबंद होते, दुसऱ्याने उघडली तर अमुक युजर ती हाताळतोय असा मेसेज येतो. तो माणूस ऑर्डर उघडी ठेवून जेवायला गेला तर बाकीचे बसले वाट बघत. तुम्ही मोठ्या कंपनीला माल देत असाल आणि त्यांचा माणूस "सिस्टिममध्ये ऑर्डर लॉक आहे, उद्या करतो" म्हणाला, तर दर वेळी तो टाळतोय असं समजू नका. सॅपमध्ये अशी कुलपं बघायला एसएम १२ नावाचा वेगळा स्क्रीन असतो आणि अडकलेलं कुलूप तिथून काढता येतं. पण तो अधिकार साधारणपणे त्यांच्या आयटीवाल्यांकडेच असतो.

दुसरी पद्धत झेरॉक्सची. मूळ वही कपाटात, प्रत्येकाला झेरॉक्स मिळते. तुम्ही झेरॉक्सवर बदल करून आणायचा, आणि वहीत उतरवायच्या आधी मुनीम बघतो की मधल्या वेळात मूळ पान बदललं तर नाही ना. बदललं असेल तर म्हणतो, नवी झेरॉक्स घेऊन या. ईआरपीनेक्स्टचं काम असं चालतं. कोणी कोणाची वाट बघत नाही, पण जो नंतर येतो त्याला नकार मिळतो.

हा नकार नसता तर काय झालं असतं ते बघा. समजा एका ठेकेदाराचं कोटेशन ड्राफ्टमध्ये आहे. काउंटरवरच्या ताईंनी दहा वाजता उघडलं, पाइपची संख्या ४० ची ६० करायची होती. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, स्क्रीन तशीच राहिली. दहा वाजून पाच मिनिटांनी मालकाने आपल्या मोबाईलवर तेच कोटेशन उघडून रेट ४१० चा ३९५ केला, सेव्ह केलं आणि ठेकेदाराला फोनवर रेट सांगूनही टाकला. साडेदहाला ताईंनी संख्या ६० करून सेव्ह दाबलं. सॉफ्टवेअरने मुकाट्याने सेव्ह केलं असतं तर ताईंच्या स्क्रीनवरचा जुना ४१० चा रेट परत बसला असता, कोणाच्या लक्षातही न येता. ६० पाइपवर १५ रुपयांचा फरक म्हणजे ९०० रुपये. पैसे थोडे आहेत, पण ठेकेदार माल न्यायला येईल तेव्हा बिल आणि शब्द जुळणार नाही, आणि तोंडघशी मालक पडेल. तो लाल मेसेज हे वाचवतो.

मग करायचं काय? लगेच रिफ्रेश दाबू नका, कारण तुम्ही टाईप केलेलं आणि सेव्ह न झालेलं रिफ्रेश केल्यावर जातं. दोन ओळी असतील तर ठीक, पण पंधरा आयटम टाकले असतील तर आधी मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा. मग रिफ्रेश करा, आणि खाली टाइमलाइनमध्ये कोणी काय बदललं ते वाचा. त्यानंतर आपला बदल परत टाका. ताईंनी असं केलं तर त्यांना नवा ३९५ दिसेल आणि संख्या ६० करून काम संपेल.

काही वेळा मेसेज यायच्या आधीच फॉर्मच्या वर एक पट्टी दिसते: तुम्ही उघडल्यानंतर हा फॉर्म बदललाय, आणि शेजारी रिफ्रेशचं बटण. ती दिसली की टाईप करणं थांबवा. दहा मिनिटं आणखी टाईप करून शेवटी नकारच मिळणार आहे.

इथे लोक हमखास सांगतात, "पण सर, दुसरं कोणी उघडलंच नव्हतं." तीन शक्यता बघा. पहिली, तुम्हीच दोन टॅबमध्ये तोच कागद उघडलाय. एका टॅबमध्ये सेव्ह केलं की दुसरा टॅब शिळा झाला. दुसरी, तो कागद दुसऱ्या कागदामुळे बदलला. सेल्स ऑर्डर तुमच्या समोर उघडी असताना गोडाऊनने त्यावरची डिलिव्हरी नोट सबमिट केली, तर ऑर्डरवरचा किती टक्के माल गेला हा आकडा बदलतो. ऑर्डरला कोणी हात लावला नाही, तरी ती बदलली. तिसरी शक्यता आपल्याकडे सगळ्यात जास्त: तिघांचा लॉगिन एकच आहे, त्यामुळे "दुसरं कोणी" दिसतच नाही. टाइमलाइनमध्ये सगळीकडे एकच नाव. याकडे परत येतो.

याच कुळातला अजून एक मेसेज आहे, कागद लॉक आहे आणि रांगेत आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा असा. मोठं स्टॉक रिकन्सिलिएशन, शेकड्यांनी ओळी असलेलं, सबमिट केलं की ईआरपीनेक्स्ट ते मागच्या मागे करायला घेतं आणि तेवढा वेळ कागदाला हात लावू देत नाही. मार्चअखेरीला स्टॉक मोजून टाकताना हे दिसेल. चहा घेऊन या. परत परत सबमिट दाबू नका. तासाभराने पण तसंच असेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला सांगा की बॅकग्राउंड जॉब अडकलाय का बघ. आणि त्याहून खाली, डेटाबेसच्या पातळीवर पण कुलपं असतात. मारियाडीबीमध्ये एका व्यवहाराने ओळ धरून ठेवली तर दुसरा मूळ सेटिंगप्रमाणे ५० सेकंद वाट बघतो आणि मग सोडून देतो. रोज संध्याकाळी गर्दीच्या वेळी "लॉक वेट टाइमआउट" असं काही दिसत असेल, तर तो तुमचा विषय नाही, सर्व्हरवाल्याचा आहे. त्याला वेळ आणि मेसेज कळवा.

एक्सेलवाल्यांनो, तुमच्याकडे वहीची पद्धत आहे. शेअर फोल्डरमधली फाईल एकाने उघडली की शेजारी तिच्याच नावाची, पण पुढे तिरपी लहर आणि डॉलरचं चिन्ह असलेली एक छुपी फाईल तयार होते. ती असेपर्यंत दुसऱ्याला "लॉक्ड फॉर एडिटिंग" दिसतं. लाईट गेली, पीसी बंद पडला, तर ही छुपी फाईल मागे राहू शकते आणि भूत धरून बसल्यासारखी फाईल अडकते. सगळ्यांनी एक्सेल खरोखर बंद केलंय याची खात्री करा, मगच ती छुपी फाईल काढा. उलट क्रमाने केलंत तर दोघांपैकी एकाचं काम जाईल.

पक्का झालेला कागद

ईआरपीनेक्स्टमध्ये कागदाच्या तीन अवस्था असतात: ड्राफ्ट, सबमिटेड, कॅन्सल्ड. ड्राफ्ट म्हणजे पेन्सिलीने लिहिलेलं. सबमिट म्हणजे शाईने लिहून खात्यात गेलेलं, स्टॉक कमी झाला, ग्राहकाच्या नावावर उधारी चढली. त्यानंतर रेट बदलायला गेलात तर "नॉट अलाउड टू चेंज" असं सुरू होणारा मेसेज येतो, त्यात कोणत्या ओळीतलं कोणतं खानं कशावरून काय करायला निघाला होतात तेही लिहिलेलं असतं. मालक, अकाउंटंट, ॲडमिनिस्ट्रेटर, सगळ्यांना एकच नियम. मोजकी खानी सबमिटनंतरही उघडी ठेवलेली असतात, पण रक्कम बदलणारी नाहीत.

सरळ रस्ता म्हणजे कॅन्सल करा, मग अमेंड करा. जुना कागद रद्द म्हणून राहतो, नवा तयार होतो आणि त्याच्या नंबरापुढे -१ लागतो. इथे जीएसटीची एक खोच आहे. बिलाचा नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. ईआरपीनेक्स्टचा मूळ नंबर एसीसी-एसआयएनव्ही, वर्ष आणि पाच आकडे असा असतो. इंग्रजीत मोजला तर तो १९ अक्षरांचा होतो. म्हणजे आपल्याकडे नंबरची मालिका पहिल्याच दिवशी छोटी करून घ्यायला हवी, आणि ती पण १४ पर्यंतच ठेवा, कारण अमेंडची दोन अक्षरं पुढे लागणार. बिल तुमच्याच कपाटात असेपर्यंत कॅन्सल-अमेंड ठीक. ई-इन्व्हॉइस लागू असेल, म्हणजे उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेली असेल, तर पोर्टलवरचा आयआरएन फक्त २४ तासांत रद्द करता येतो. त्यानंतर दुरुस्ती क्रेडिट नोटनेच.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती जागा. सबमिट झालेली सेल्स ऑर्डर आहे. ग्राहक म्हणतो, वीस पाइप वाढवा. तुम्ही कॅन्सल दाबलं. एक खिडकी उघडते, त्यात या ऑर्डरला जोडलेले कागद दिसतात: दोन डिलिव्हरी नोट, एक बिल. खाली बटण असतं "कॅन्सल ऑल". घाईत असलेला माणूस ते दाबतो, कारण त्याला ऑर्डर दुरुस्त करायची आहे आणि मध्ये काहीतरी आडवं आलंय. आणि एका क्लिकमध्ये गेलेला माल स्टॉकमध्ये परत आलेला दिसतो, ग्राहकाला दिलेलं बिल रद्द, उधारी कमी. ग्राहकाच्या हातात तुमचं छापील बिल आहे आणि तुमच्या पुस्तकात ते रद्द आहे. तुम्ही हे महिनाअखेरीपर्यंत बघितलं नाही तर तो माल कागदोपत्री गोडाऊनमध्ये आणि प्रत्यक्षात साइटवर असेल.

वीस पाइप वाढवायला कॅन्सल करायची गरजच नव्हती. सबमिट झालेल्या सेल्स ऑर्डरवर "अपडेट आयटम्स" नावाचं बटण असतं. त्यातून संख्या, रेट बदलता येतो, नवी ओळ घालता येते. जेवढा माल गेलाय त्याच्या खाली संख्या आणू देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

बिलाच्या बाबतीत अजून एक. पैसे आलेलं बिल कॅन्सल केलं, तर अकाउंट्स सेटिंग्जमधल्या एका टिकमुळे पावती बिलापासून सुटी होते. पावती रद्द होत नाही, लोंबकळत राहते, ग्राहकाच्या खात्यात ॲडव्हान्स म्हणून. अमेंड केलेलं नवं बिल मात्र बाकी दाखवतं. मग वसुलीवाला मुलगा पैसे दिलेल्या माणसाला फोन करतो आणि ऐकून घेतो. म्हणून अमेंडनंतर पेमेंट रिकन्सिलिएशन उघडून ती पावती नव्या बिलाला जोडा. त्याच दिवशी.

माझं स्पष्ट मत: काउंटरवरच्या माणसाला बिल बनवायचा, सबमिट करायचा अधिकार द्या. कॅन्सल आणि अमेंड दोनच माणसांकडे ठेवा, मालक आणि हिशेब बघणारा. काम अडतं? दिवसात एखाद वेळा अडेल. अडू दे.

अधिकार नाही

हे ते एकमेव कुलूप जे ॲडमिनिस्ट्रेटर उघडतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की प्रत्येक वेळी हेच असतं. इथे मेसेज नीट वाचला तर उत्तर त्यातच असतं. "इनसफिशियंट परमिशन" आणि पुढे कागदाचं नाव असेल, तर त्या माणसाच्या रोलला त्या प्रकारच्या कागदावर तो हक्क नाही. रोल परमिशन मॅनेजरमध्ये बघा. वाचणं, लिहिणं, नवीन करणं, सबमिट, कॅन्सल, अमेंड, प्रत्येकाची वेगळी टिक आहे. तिथे "फक्त बनवणाऱ्यालाच" अशी पण एक टिक असते. ती चालू असेल तर सकाळच्या पाळीतल्या माणसाचं ड्राफ्ट दुपारच्या माणसाला उघडणार नाही.

पण मेसेज असा असेल की अमुक वेअरहाउसशी जोडलेली असल्यामुळे ही नोंद तुम्हाला बघता येत नाही, तर तो रोलचा प्रश्न नाही, युजर परमिशनचा आहे. गोडाऊनच्या माणसाला फक्त त्याचंच गोडाऊन दिसावं म्हणून कोणीतरी बंधन घातलेलं असतं, आणि बिलात एक ओळ दुसऱ्या गोडाऊनची असते. मेसेजमध्ये ओळीचा नंबर सुद्धा येतो. इथे त्याला कितीही रोल द्या, काही होणार नाही. बंधन काढा, किंवा ते कोणकोणत्या कागदांना लागू आहे ते मर्यादित करा.

तिसरा प्रकार गप्प असतो. मेसेजच नाही, फॉर्म उघडतो, पण सेव्हचं बटणच दिसत नाही किंवा एकच खानं हलत नाही. पूर्ण फॉर्म गोठलेला असेल तर वर्कफ्लो लावलाय का बघा. त्यात प्रत्येक टप्प्यावर कोणत्या रोलने एडिट करायचं ते ठरलेलं असतं. "मंजुरीसाठी पाठवलं" झालं की पाठवणाऱ्याच्या हातातून गेलं. फक्त रेटचं खानं हलत नसेल आणि तुम्ही पॉइंट ऑफ सेल वापरत असाल, तर पीओएस प्रोफाइलमध्ये युजरला रेट बदलू द्यायची टिक बघा. ती मुद्दाम बंद ठेवणारे मालक खूप आहेत, मीही त्यातला एक.

रोल परमिशन मॅनेजरमध्ये हात घालताना एक धोका. एखाद्या कागदासाठी तिथे तुम्ही काहीही बदललंत की त्या कागदाचे मूळचे नियम बाजूला पडतात आणि तुमचेच चालतात. सगळं विस्कटलं तर मूळ परमिशन परत आणायचं बटण तिथेच आहे. आणि अधिकार बदलल्यावर त्या माणसाला पान रीलोड करायला सांगा, नाहीतर "सर, अजून पण तसंच आहे" असा दुसरा फोन येतो.

आता एकाच लॉगिनची गोष्ट. तीन माणसं एक लॉगिन वापरत असतील तर हे सगळं व्यर्थ आहे. अधिकार वेगळे देता येत नाहीत, टाइमलाइनमध्ये कोणी काय केलं ते कळत नाही, आणि पैसे कमी पडले तर संशय तिघांवर. बिचारा जो प्रामाणिक आहे त्याच्याकडे आपण निर्दोष असल्याचा एक पुरावा नसतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून कायद्यानेच बदलांचा माग ठेवणारं आणि तो माग बंद न करता येणारं सॉफ्टवेअर लागतं. आपली प्रोप्रायटरी किंवा भागीदारी असेल तर तो नियम लागू नाही, पण नोकराचं नाव आणि मालकाचे पैसे दोन्ही तिथेही असतातच.

तारीख बंद

मेसेज: अमुक तारखेच्या आधीच्या नोंदी घालायचा किंवा बदलायचा तुम्हाला अधिकार नाही. शब्द अधिकाराचे आहेत म्हणून लोक रोल वाढवत बसतात. बघायचं आहे तारखेकडे. ईआरपीनेक्स्टमध्ये "अकाउंट्स फ्रोझन टिल डेट" असं खानं आहे. शेजारीच, गोठवलेल्या नोंदी कोणता रोल बदलू शकतो ते ठरवायचं खानं आहे. तो रोल दिलेला माणूस बदल करू शकतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन केलंत तर मात्र हे कुलूप तुम्हालाही अडवतं. स्टॉकचं वेगळं, ते स्टॉक सेटिंग्जमध्ये. मेनूत सापडलं नाही तर वरच्या शोधपट्टीत नाव टाका.

टॅलीप्राइममध्ये हेच काम युजर रोल्समध्ये होतं. मागच्या तारखेची व्हाउचर किती दिवसांपर्यंत चालतील, किंवा कोणत्या तारखेच्या आधी चालणार नाहीत, ते तिथे भरता येतं.

ही तारीख कधी पुढे सरकवायची? दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जाते, तिमाहीवाल्यांची तिमाही संपल्यावर १३ तारखेपर्यंत. रिटर्न भरलं की त्याच दिवशी तारीख मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसावर आणा. रिटर्न गेल्यावर कोणी ऑगस्टचं बिल बदललं, तर पोर्टलवर एक आकडा आणि पुस्तकात दुसरा. ग्राहकाने पोर्टलवरच्या आकड्यावर क्रेडिट घेतलेलं असतं. त्यानंतरची दुरुस्ती चालू महिन्यात क्रेडिट नोट काढून करायची. ती दाखवायची शेवटची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच.

तारीख बंद असताना काउंटरवर एक पळवाट निघते, ती ओळखून ठेवा. मुलगा ३० तारखेची राहिलेली खरेदी टाकायला जातो, मेसेज येतो, मग तो तारीख आजची करून टाकतो. सेव्ह होतं, सगळे खूश. पण माल आला ३० ला, विकला गेला २ ला आणि पुस्तकात आला १२ ला. मधल्या दिवसांत स्टॉक उणे दिसणार. म्हणून माझ्याकडे नियम आहे: तारखेचा मेसेज आला की तारीख बदलायची नाही, कागद माझ्या ट्रेमध्ये ठेवायचा. मी दहा मिनिटांत ठरवतो की कुलूप उघडायचं की चालू महिन्यात घ्यायचं.

एवढं करूनही अडलंच, तर तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला काय लिहायचं? "एरर येतोय" हे नाही. स्क्रीनचा पूर्ण फोटो जोडा आणि असं लिहा: "सेल्स ऑर्डर नंबर अमुक. सबमिटेड आहे. काउंटर-२ या युजरला आज सकाळी ११:२० ला अपडेट आयटम्स करताना हा मेसेज आला. रिफ्रेश करून बघितलं, तोच मेसेज. माझ्या लॉगिनमधून पण तोच. याच युजरला दुसरी ऑर्डर बदलता येते. ऑर्डरची तारीख चालू महिन्यातली आहे."